पहिली लिपी, दुसरी लिपी

आपल्या मराठीत एक सुख आहे, जे सहसा आपल्या लक्षातच येत नाही. आपल्या 'क' ला थोरला भाऊ नाही. वाक्याच्या सुरुवातीचा क, कलेक्टरच्या नावातला क आणि कचऱ्यातला क, सगळे एकाच उंचीचे. इंग्रजीत मात्र प्रत्येक अक्षर दोनदा जन्माला येतं. आमच्या कऱ्हाडच्या शाळेत बाई त्याला पहिली लिपी आणि दुसरी लिपी म्हणायच्या. पहिली म्हणजे कॅपिटल, दुसरी म्हणजे स्मॉल. पुढे जोडून लिहायची तिसरी आणि चौथीसुद्धा होती, म्हणजे एका 'ए' साठी चार 'ए' गिरवायचे. पाटीवर अक्षरं रडायची आणि पाटीमागे आम्ही!

आता अडचण अशी, की देवनागरीत लिहिताना हा फरक दाखवताच येत नाही. म्हणून या लेखापुरते मी कॅपिटलला 'थोरला' आणि स्मॉलला 'धाकटा' म्हणणार आहे. थोरल्या आणि धाकट्या पातीचे भांडण मराठी माणसाला वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

हे भांडण कॉम्प्युटरमध्ये कसे आले, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढे आपल्या मेसची जी गोष्ट येणार आहे ती त्याशिवाय कळणार नाही. अप्पर केस आणि लोअर केस हे शब्द छापखान्यातले. कंपोझिटर ज्या लाकडी खणांतून खिळे उचलायचा त्याला केस म्हणत. वरच्या केसमध्ये थोरली अक्षरे, खालच्या केसमध्ये धाकटी. (निर्णयसागरसारख्या आपल्या छापखान्यांना हा प्रश्न नव्हता, पण जोडाक्षरांमुळे त्यांचे खण मोजता मोजता कंपोझिटरचे आयुष्य जात असेल, ती गोष्ट वेगळी.) कॉम्प्युटरवर अक्षरांना आकडे देणारी आस्की पद्धत १९६३ साली आली, तेव्हा तिच्यात धाकटी अक्षरे नव्हतीच. ती १९६७ च्या सुधारणेत आली. थोरल्या ए चा नंबर ६५, धाकट्याचा ९७. मधे बरोबर ३२ चा फरक, म्हणजे एका बिटाचा. सगळी भाऊबंदकी त्या एका बिटावरून!

युनिक्सवाल्यांनी १९६९ पासून पुढे सरळ भूमिका घेतली. फाईलचे नाव म्हणजे नुसते बाइट्स. ६५ हा ६५ आणि ९७ हा ९७, दोन वेगळे आकडे म्हणजे दोन वेगळी नावे. त्या काळी बऱ्याच टेलिटाइप यंत्रांवर धाकटी अक्षरे उमटतच नसत. तरी युनिक्स इतके सोशिक, की कोणी लॉगिनचे नाव थोरल्या अक्षरांत टाकले तर ते समजून जायचे, 'बिचाऱ्याच्या टर्मिनलला धाकटी अक्षरे नाहीत', आणि जुळवून घ्यायचे. लिनक्सने हा वारसा जसाच्या तसा घेतला.

दुसरीकडे १९८१ चा डॉस. तो आठ अक्षरांचे नाव आणि तीन अक्षरांचे आडनाव लिहून घ्यायचा, आणि तुम्ही काहीही टाइप करा, सगळे थोरले करून टाकायचा. १९९५ च्या विंडोजमध्ये मोठी नावे आली आणि तुम्ही जसे लिहाल तसे दिसायलाही लागले. पण दिसणे वेगळे आणि मानणे वेगळे. विंडोज थोरले-धाकटे लिहून ठेवते, पण शोधताना दोघांना एकच समजते. मॅकही नेहमीच्या सेटिंगमध्ये तसेच वागतो. आणि आपले पेन ड्राइव्ह, मग ते फॅट३२ असोत की एक्सफॅट, ते तर याच घराण्यातले.

तुम्ही म्हणाल, यात लेख लिहिण्यासारखे काय आहे? हा तर ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या पेपरात दोन मार्कांचा प्रश्न. मला पण तसंच वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी आपल्या मेसचा सेक्रेटरी परभणीचा एक मुलगा होता. नाव लिहीत नाही, जुन्या मुलांना माहीत आहे. अतिशय चोख. वांग्याचा भाव दोन रुपयांनी वाढला तरी उल्हासनगरच्या मंडईत जाऊन स्वतः विचारून येणारा. मेसच्या खोलीत एक सेकंडहँड डेस्कटॉप होता, उल्हासनगरहूनच आणलेला, आणि त्यावर विंडोज चालायची ताकद नसल्यामुळे कोणा सीनियरने लिनक्स टाकून दिलेले. त्याच सीनियरने हिशेबाच्या फाईली पण करून ठेवल्या होत्या. एकीचे नाव 'अॅडव्हान्स', थोरल्या ए ने. तिच्यात मुलांनी भरलेली अनामत. दुसरीचेही नाव 'अॅडव्हान्स', पण धाकट्या ए ने. तिच्यात किराणावाल्याला, गॅसवाल्याला आणि दूधवाल्याला दिलेली उचल. थोरल्यात जमा, धाकट्यात खर्च. लिनक्सवर हे दोन वर्षे सुरळीत चालले. सेक्रेटरी बदलले, फाईली त्याच राहिल्या.

हा परभणीकर दर रविवारी रात्री अख्खे फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करायचा. कॉपी करताना मशीन विचारायचे, 'या नावाची फाईल आधीच आहे, बदलू का?' आता मागच्या रविवारची कॉपी पेन ड्राइव्हवर असणारच, त्यामुळे असा प्रश्न येणारच. तो 'सगळ्यांना हो' वर टिचकी मारायचा. त्याच्या जागी कोणीही हेच केले असते. प्रश्न दोन कारणांसाठी विचारला जातो आहे, हे त्या खिडकीत कुठेच लिहिलेले नसते.

मे महिन्यात डेस्कटॉपची डिस्क कुरकुरायला लागली. एका दुकानदाराने येऊन डिस्क बदलून दिली आणि जुनी घेऊन गेला. 'बॅकअप आहे ना?' 'आहे.' झालं! जुलैत फायनल इयरची मुले अनामत परत मागायला आली. सेक्रेटरीने पेन ड्राइव्ह लावला. फोल्डरमध्ये अॅडव्हान्स नावाची एकच फाईल होती, थोरल्या ए ची. उघडली तर आत किराणावाला, गॅसवाला, दूधवाला. एकशे बारा मुलांची यादी गायब!

प्रत्येकी तीन हजार म्हणजे तीन लाख छत्तीस हजार. त्यातले काही बँकेत, काही रोख जमा होऊन तसेच सामानात गेलेले. एकूण हिशेब जुळवता आला असता, पण कोणी किती भरले आणि कोणाचे अर्धेच आले होते, ते त्या यादीतच होते. आणि संशयाला जागा बघा कशी: जमेच्या फाईलचे नाव जागेवर, आतला मजकूर मात्र बदललेला. म्हणजे कोणीतरी मुद्दाम उघडून पुसले असणार. दोन दिवसांत होस्टेलभर झाले, 'सेक्रेटरीने पैसे खाल्ले.' वॉटर कूलरजवळ, बाथरूममध्ये, टेरेसवर, सगळीकडे तेच. तो जेवायला खाली येईना. मेसच्या मावशी ताट झाकून वर पाठवायच्या, ते तसेच परत यायचे. चौथ्या दिवशी कोणीतरी त्याच्या घरी फोन केला. वडील एसटीत कंडक्टर. ते म्हणाले, 'शेत विकून भरतो, पण पोराचं नाव पोलिसात नका देऊ.' हे त्याने मला सांगितले तेव्हा तो रडत नव्हता. भिंतीकडे बघत बोलत होता, आणि मला ते जास्त वाईट वाटले.

आम्ही दोघे आधी जुन्या डिस्कच्या शोधात गेलो. बदलापूरहून लोकल पकडून उल्हासनगर, तिथून रिक्षाने कॅम्प तीन. उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना लष्करी छावणीत ठेवले, त्यातून उभे राहिलेले शहर. म्हणून अजून पत्ता सांगताना कॅम्प एक ते कॅम्प पाच. इथे जीन्सपासून मिक्सरच्या भांड्यापर्यंत काहीही बनते आणि काहीही दुरुस्त होते, ही त्या गावाची ख्याती. दुकानदार भला माणूस होता. त्याने पोते ओतून दाखवले. त्यात पंधरा-वीस डिस्का होत्या. 'भाऊ, यातली असली तर घेऊन जा, नसली तर गेली भंगारात.' नव्हती. येताना अंबरनाथला वडापाव खाल्ला. प्लॅटफॉर्मच्या इंडिकेटरकडे बघत तो एकदम म्हणाला, 'इथं पण बघ ना, गाडीच्या नावाला एस म्हणजे कर्जत आणि वेगाच्या रकान्यात एस म्हणजे स्लो. एकच अक्षर. वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं.' त्या वाक्यानं माझी ट्यूब पेटली. त्याला विचारलं, 'जुन्या मशीनवर अॅडव्हान्स नावाच्या फाईली किती होत्या?' 'दोन.' 'आणि पेन ड्राइव्हवर?' तो माझ्याकडे बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही रेक्टर सरांच्या केबिनमध्ये गेलो. सर सिव्हिलचे. त्यांना 'केस सेन्सिटिव्ह' हा शब्द सांगून काही उपयोग नव्हता, म्हणून मी लॅपटॉप घेऊन गेलो. लिनक्सवर दोन फाईली केल्या. थोरल्या ए च्या फाईलमध्ये एकच शब्द लिहिला, 'जमा'. धाकट्या ए च्या फाईलमध्ये 'उचल'. सरांना दोन्ही उघडून दाखवल्या. मग रिकामा पेन ड्राइव्ह लावला, आधी थोरली कॉपी केली, मग टर्मिनलमधून धाकटी. मशीनने हूं की चूं केले नाही. 'आता सर, पेन ड्राइव्ह तुम्हीच उघडा.' सरांनी उघडला. फाईल एकच, नावात थोरला ए, आणि आत 'उचल'.

सरांनी ती बंद केली आणि परत उघडली. मग म्हणाले, 'हे परत करून दाखव.' मी तीनदा करून दाखवले. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतः टाइप केले. मग मुलांचे दोन प्रतिनिधी, जे सगळ्यात जास्त ओरडत होते, त्यांना बोलावून त्यांच्याकडूनही करून घेतले. त्यातला एक कॉम्प्युटरचाच होता. तो म्हणाला, 'सर, हे आम्हाला आहे अभ्यासाला.' सर म्हणाले, 'मग इतके दिवस काय करत होतास?'

अर्थात त्याने चोरी केली नाही हे सिद्ध झाले, तरी यादी काही परत येत नव्हती. ती आली मावशींमुळे. पावत्यांची कार्बन लावलेली जुनी पुस्तके त्यांनी धान्याच्या कोठीत पत्र्याच्या डब्यात ठेवली होती, 'कागदाला उंदीर लागतात म्हणून'. आम्ही तिघे-चौघे रात्रभर बसलो. कार्बन काही ठिकाणी इतका फिका, की पान तिरके धरून टॉर्चच्या उजेडात वाचावे लागले. एकशे पाच पावत्या सापडल्या. पाच मुलांकडे पावतीचा फोटो मोबाइलमध्ये निघाला. दोघांकडे काहीच नव्हते. सर म्हणाले, 'तोंडी सांगा, मी मानतो.' दोघांनी सांगितलेले आकडे बँकेच्या पासबुकातल्या भरण्याशी जुळले. परभणीकर त्या दिवशी पंगतीत येऊन बसला. कोणी त्याची माफी वगैरे मागितली नाही, होस्टेलमध्ये तशी पद्धत नाही. कॉम्प्युटरच्या त्या प्रतिनिधीने फक्त आपल्या ताटातला गुलाबजाम उचलून त्याच्या ताटात टाकला.

तेव्हापासून मला या विषयाचा नादच लागला. आणि जसजसे वाचत गेलो तसतसे कळले, की आपल्या मेसमधला घोळ हा जगातल्या मोठमोठ्या लोकांच्या घरी पण झालेला आहे. खुद्द लिनक्सच्या कर्नलमध्ये नेटफिल्टरच्या फोल्डरात 'एक्सटी डीएससीपी' नावाच्या दोन फाईली वर्षानुवर्षे शेजारी नांदत आल्या आहेत. एकीत शेवटची चार अक्षरे थोरली, ती पॅकेटवर खूण करते. दुसरीत धाकटी, ती खूण तपासते. हुबेहूब आमच्या जमा आणि उचल! कर्नलचा सोर्स विंडोजवर क्लोन केला की त्यातली एकच उरते. आता निदान गिट तशी सूचना तरी देते.

गिटवर तर याहून मोठा प्रसंग गुदरला होता. डिसेंबर २०१४ मध्ये उघडकीस आले, की कोणी लबाडाने आपल्या रिपॉझिटरीत गिटच्याच गुप्त फोल्डरच्या नावाचे, पण एखादे अक्षर थोरले केलेले फोल्डर ठेवले, तर विंडोज आणि मॅकवर ते खऱ्या फोल्डरवर जाऊन बसते, आणि तुमच्या मशीनवर त्याला हवी ती कमांड चालू शकते. लिनक्सवाले तेवढ्यापुरते निर्धास्त. लगेच दुरुस्ती आली. पण विचार करा, एका बिटाच्या भाऊबंदकीतून चोराला घरात वाट!

मग सगळीकडे थोरले-धाकटे एकच का मानू नये? आमच्या रूममध्ये यावर एकदा पहाटे तीनपर्यंत वाद झाला. माझे मत असे, की माणसाला फरक न करणे सोयीचे आहे, पण मशीनला ते काम देणे महागात पडते. इंग्रजीपुरते ३२ मिळवा-वजा करा, संपले. तुर्कीत काय कराल? त्यांच्याकडे टिंबवाला आय वेगळा आणि बिनटिंबाचा आय वेगळा, आणि प्रत्येकाचा थोरला भाऊही वेगळा. म्हणजे कोण कोणाचा भाऊ हे भाषेवर ठरते. विंडोजची एनटीएफएस पद्धत या भाऊबंदकीचा तक्ताच डिस्कवर लिहून ठेवते. लिनक्सनेही २०१९ च्या ५.२ आवृत्तीत ईएक्सटी४ ला एकेका फोल्डरपुरती फरक न करण्याची सोय दिली, आणि उलट विंडोजने २०१८ पासून एकेका फोल्डरपुरता फरक करण्याची. म्हणजे दोघे एकमेकांच्या घरी पाहुणे! टोरवाल्ड्स यांना मात्र हे अजिबात पटलेले नाही. एप्रिल २०२५ मध्येही त्यांनी फाईल सिस्टिमवाल्यांना यावरून जाहीरपणे खडसावले. मी त्यांच्या बाजूचा. माझा रूम पार्टनर मेकॅनिकलचा. तो म्हणतो, 'सोन्या आणि सोन्याबापू हाक मारली तर एकच पोरगा येतो ना?'

ज्युनियरांसाठी एक कामाची गोष्ट मधेच सांगून टाकतो. आपल्या गॅदरिंगच्या वेबसाइटवर निम्मे फोटो दिसत नव्हते, आठवते? तो सर्व्हरचा दोष नव्हता. डिजिटल कॅमेऱ्यांच्या ठरलेल्या नियमानुसार फोटोचे नाव आणि शेवटचे जेपीजी थोरल्या अक्षरांत येते, बहुतेक मोबाइलमध्ये जेपीजी धाकटे. ज्याने पान लिहिले त्याने सगळीकडे धाकटे लिहिले. त्याच्या विंडोजवर सगळे दिसले, लिनक्सच्या सर्व्हरवर फक्त मोबाइलचे. सगळी नावे एकदम धाकटी करणारी स्क्रिप्ट दोन ओळींची आहे, पण चालवण्याआधी दोन नावे एक तर होत नाहीत ना, हे आधी तपासा. नाहीतर परत मेस!

आता मराठीकडे. आपल्याकडे थोरले-धाकटे नाही, पण शिफ्टची कळ आहेच. इनस्क्रिप्टमध्ये के ची कळ दाबली की क, आणि शिफ्ट धरून दाबली की ख. त ची शिफ्ट थ, प ची शिफ्ट फ. म्हणजे इंग्रजीत शिफ्टने अक्षर मोठे होते, आपल्यात महाप्राण होते. कृतिदेव सारख्या जुन्या फाँटात तर धाकटा डी म्हणजे क आणि थोरला डी म्हणजे अर्धा क्. अशा फाँटातला मजकूर कोणी 'सगळे धाकटे करा' म्हणून बदलला, तर बरीच अर्धी अक्षरे पूर्ण होऊन बसतील!

मेसच्या नव्या सेक्रेटरीला मी सुचवले, की भाऊ, तू फाईलींची नावे देवनागरीतच ठेव. 'अनामत' आणि 'उचल'. आमचे परभणीकर पण म्हणाले, छान. सहा महिने छान चालले. मग याच फेब्रुवारीत सेक्रेटरी लॅपटॉप घेऊन माझ्या रूमवर आला. फोल्डरमध्ये 'दुसऱ्या वर्षाची यादी' नावाच्या दोन फाईली शेजारी शेजारी. अक्षर न् अक्षर सारखे. थोरले नाही, धाकटे नाही, कुठे स्पेस नाही.

मला हसू आवरेना, कारण हे दुखणे माझ्या गावाच्या नावातच आहे. कऱ्हाड, दुसऱ्या, तऱ्हा, यातला तो रफार नसलेला आडवा र युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहिता येतो. एक, त्यासाठीच ठेवलेले वेगळे ऱ हे अक्षर आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचे न दिसणारे चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. आत बाइट्स वेगळे. शिवाय ते वेगळे ऱ हे अक्षर साधा र आणि नुक्ता असे फोडूनही लिहिता येते. ती दोन रूपे युनिकोड एकच मानते, आणि मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत नाव साठवताना त्याची अशी फोड करून टाकायची. पण जॉइनरवाले रूप युनिकोडच्या नियमानेही वेगळेच राहते. लिनक्सला यातले काहीच माहीत नाही. त्याला बाइट्स वेगळे म्हणजे फाईल वेगळी.

सेक्रेटरीने एक यादी लॅपटॉपवर टाइप केली होती, दुसरी त्याच्या असिस्टंटने मोबाइलवर. एकीत एक्केचाळीस नावे, दुसरीत अडतीस. दोन्ही याद्या एकत्र करायला आम्हाला तासभर लागला, कारण मुलांच्या आडनावांतही एक गोऱ्हे आणि दोन कुऱ्हाडे निघाले, आणि सॉर्ट केल्यावर दोन कुऱ्हाडे दोन वेगळ्या ठिकाणी जाऊन बसले होते.